थिबा पॅलेस आणि सावंतवाडीचा राजवाडा: उरकू नका, असं बघा

तुम्ही विचारलंय की डिसेंबरात रत्नागिरी ते सावंतवाडी गाडीने फिरताना थिबा पॅलेस आणि सावंतवाडीचा राजवाडा दोन्ही बघायचेत, बरोबर सत्तरीतले आईबाबा आणि नऊ आणि तेरा वर्षांची मुलं आहेत, मागच्या वेळी असाच एक वाडा पंधरा मिनिटांत "झाला" आणि मुलं बाहेर येऊन मोबाईल मागायला लागली, तर या वेळी किती वेळ ठेवायचा आणि बघायचं नेमकं काय. मी जुन्या वस्तूंच्या जतनाचं काम करते, म्हणजे जुने कागद, चित्रं, रंगवलेलं लाकूडकाम वगैरे, आणि काम जास्त करून कोकणातल्याच घरांमधून येतं. त्यामुळे जरा लांबण लागेल पण नीट सांगते.

पंधरा मिनिटांत संपतं त्याचं कारण असं की आपण तिकीट काढून सरळ काचेच्या कपाटांकडे जातो. तलवार बघितली, मूर्ती बघितली, खालची पाटी अर्धी वाचली, पुढे. अशा ठिकाणी कपाटातल्या वस्तू सगळ्यात शेवटी बघायच्या. आधी आवार, मग घर बाहेरून, मग घर आतून, आणि मग वस्तू. कारण कोकणात राजवाडा असो नाहीतर साधं चौपाखी (चारी बाजूंनी उतरत्या छपराचं) घर, त्याची जागा, दिशा, दगड, छप्पर, झाडं हे सगळं पाऊस आणि खारी हवा डोळ्यासमोर ठेवून ठरलेलं असतं, आणि आतल्या वस्तू आज आपल्याला दिसतायत त्या त्या घराने इतकी वर्षं सांभाळल्या म्हणून दिसतायत. हे एकदा लक्षात आलं की मग नऊ वर्षांच्या मुलालाही बघायला खूप काही सापडतं.

थिबा पॅलेसपासून सुरू करू. जाण्याआधी गाडीतच मुलांना गोष्ट सांगून टाका, कारण ती माहीत नसेल तर ती इमारत म्हणजे नुसता मोठा लाल बंगला आहे. थिबा हा ब्रह्मदेशाचा शेवटचा राजा. नोव्हेंबर १८८५ मध्ये इंग्रजांनी मंडाले घेतलं तेव्हा तो जेमतेम सव्वीस वर्षांचा होता. त्याला आणि राणी सुपयालतला बोटीत बसवून आधी मद्रासला आणलं आणि १८८६ साली रत्नागिरीला. रत्नागिरी का, तर तेव्हा इथे रेल्वे नव्हती, रस्ते बेताचे, पावसाळ्यात बोटी बंद, म्हणजे राजाला त्याच्या माणसांपासून तोडून ठेवायला याहून सोयीची जागा शोधून सापडली नसती. आणि त्याच्या आधी १८५८ मध्ये याच इंग्रजांनी दिल्लीच्या बहादूरशहा जफरला कैद करून रंगूनला पाठवलं होतं, तो १८६२ मध्ये तिथेच गेला. आपला बादशहा तिकडे पुरलेला आणि तिकडचा राजा इकडे. तेरा वर्षांच्या मुलीला/मुलाला हे एवढं सांगा, पुढचे प्रश्न आपोआप येतात.

आता यातला माझ्या मते सगळ्यात मोठा मुद्दा. हा पॅलेस तयार होऊन राजा इथे राहायला आला १९१० साली. म्हणजे रत्नागिरीत २४ वर्षं दुसऱ्या बंगल्यांमध्ये काढल्यावर. आणि डिसेंबर १९१६ मध्ये तो वारला. सहा वर्षं फक्त. हे मनात ठेवून ती इमारत बघा, मग एवढे मोठे दिवाणखाने आणि एवढ्या खिडक्या कोणासाठी बांधल्या असतील असं वाटल्याशिवाय राहत नाही, कारण भेटायला येणारा दरबार तर उरलाच नव्हता.

गेटातून आत गेल्यावर दाराकडे जाऊ नका, आधी पूर्ण प्रदक्षिणा घाला. आवार मोठं आहे, चालायला मोकळं, आईबाबांना सावलीत बसायलाही जागा मिळते. इमारत उंचावर आहे, शहराच्या वरच्या अंगाला, आणि पश्चिमेकडे उतार खाली खाडीकडे जातो. जागा अशी निवडण्यात दोन गोष्टी साधल्या, एक म्हणजे वारा मिळतो आणि पाणी साचत नाही, आणि दुसरी म्हणजे समुद्र दिसतो. वरच्या मजल्यावरून राजा-राणी समुद्रातल्या बोटी बघत बसायची असं रत्नागिरीत आजही सांगतात. जवळच थिबा पॉईंट आहे तिथून भाट्याची खाडी आणि समुद्र नीट दिसतो, संध्याकाळी तिथे जा, पण पॅलेस बघून झाल्यावर, आधी नाही.

प्रदक्षिणा घालताना भिंतीजवळ उभे राहा आणि जांभा, म्हणजे कोकणातला तांबडा दगड, बघा. अगदी हातभर अंतरावरून. त्यात बारीक बारीक भोकं असतात, कुठे पिवळट माती भरलेली, कुठे लोखंडाच्या गंजासारखा काळपट तांबूस गाभा, आणि पागोळी पडते त्या रेषेत चिरा (जांभ्याचा कापलेला ठोकळा) थोडा झिजून गुळगुळीत झालेला असतो किंवा हिरवट काळा पडलेला. हा दगड खाणीतून काढताना इतका मऊ असतो की हत्याराने विटेसारखा कापून काढतात, आणि मग वारा-ऊन लागलं की त्यातलं लोह घट्ट होत जातं आणि तो टणक बनतो. पण सच्छिद्र तो सच्छिद्रच. पावसाळ्यात पाणी पितो आणि दिवाळीनंतर सोडतो. रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, तो सगळा चार महिन्यांत, मग ही भिंत किती पाणी पीत असेल विचार करा. म्हणून जुने लोक चुन्याचा गिलावा करायचे, चुन्यातून ओल बाहेर पडते. सिमेंट लावलं की ओल आत कोंडते आणि मग चिरा आतून कुजल्यासारखा भुगा होत जातो, रंगाचे पापुद्रे सुटतात, आणि लोक म्हणतात दगडच खराब होता. एका जुन्या घरात दुरुस्ती करणाऱ्यांनी चांगल्या मनाने पण न विचारता आतून-बाहेरून सिमेंट मारलं आणि पुढच्या दोन पावसाळ्यांत भिंतीला टांगलेल्या जुन्या चित्रांना मागून बुरशी धरली, ती चित्रं माझ्याकडे आली तेव्हा निम्मा रंग कॅनव्हासवरून उचललेला होता. मला खरंच फार वाईट वाटतं असं बघून, कारण दगडाचा काही दोष नव्हता. तुमच्या मुलांना सांगा की भिंतीवर चुना कुठे आहे आणि सिमेंट कुठे आहे ते शोधा, कुठल्याही जुन्या इमारतीत हा खेळ चालतो आणि मुलं त्यात मोठ्यांपेक्षा पटकन तरबेज होतात.

मग वर बघा. तीन मजली इमारत, उतरती छपरं, अर्धगोल लाकडी खिडक्या, त्यावर कोरीव काम आणि रंगीत काचा. काचा इटलीच्या आणि लाकूड ब्रह्मदेशी सागवान असं सांगितलं जातं. सागवान इथे का टिकलं, तर त्यात नैसर्गिक तेल असतं, वाळवी सहसा लागत नाही, खाऱ्या हवेतही साथ देतं. आंब्या-फणसाच्या लाकडाची खिडकी असती तर एव्हाना तिसऱ्यांदा बदलावी लागली असती. रंगीत काचा नुसत्या शोभेच्या नाहीत हेही सांगते. आत प्रकाश येतो पण झळ येत नाही, उन्हाचा कडकपणा मोडतो, आणि खोलीतलं कापड, कागद, लाकडाचं पॉलिश थोडंफार वाचतं. म्हणून जायचंच तर दुपारी तीननंतर जा, ऊन तिरपं झालं की पश्चिमेच्या काचांतून रंग आत उतरतात. सकाळी गेलात तर तीच खोली साधी दिसेल.

आत गेल्यावर मुळातला आराखडा मनात धरून फिरा, कुठली खोली बसायची, कुठली मोठी बैठकीची, मागच्या अंगाला काय, वारा कुठून शिरून कुठून बाहेर जात असेल. दोन समोरासमोरच्या दारांमध्ये उभं राहिलं की लगेच कळतं, अंगाला वारा लागतो. आता इथे राज्याच्या पुरातत्त्व विभागाचं प्रादेशिक वस्तुसंग्रहालय आहे, दगडी शिल्पं आहेत, थिबाच्या काळातल्या वस्तू आणि फोटो आहेत. सगळं बघायचा हट्ट धरू नका. माझा सल्ला असा की दोनच गोष्टींपुढे थांबा. एक, राजा-राणीचे जुने फोटो, आणि दुसरं कुठलंही एक दगडी शिल्प जे तुम्हाला आवडेल ते. फोटोत चेहरे बघू नका फक्त, कपडे बघा, बसण्याची पद्धत बघा, पायाखाली काय अंथरलंय ते बघा. शिल्पापुढे बाजूला जाऊन बघा, समोरून नाही, म्हणजे छिन्नी किती खोल गेलीय ते दिसतं. प्रत्येकी पाच मिनिटं. मुलांना वही-पेन्सिल द्या आणि काढायला लावा, चित्र चांगलं यायची गरज नाही, काढताना डोळा थांबतो एवढंच पाहिजे.

आईबाबांना वरच्या मजल्यावर जिने चढणं जड जात असेल तर जबरदस्ती करू नका, खालच्या भागात आणि आवारात त्यांचा वेळ छान जातो. बूट-चपला मजबूत घाला, जुनी लाद्या-लाकडाची जमीन गुळगुळीत असते. आणि सरकारी वस्तुसंग्रहालयं साधारणपणे सोमवारी बंद असतात, सणाच्या सुट्ट्या वेगळ्या, तर निघण्याआधी एक फोन करून वेळ विचारून घ्या, नेटवर दिसणाऱ्या वेळेवर विसंबू नका.

तिथून समाधीकडे जा. हे बरेच जण सोडतात. राजाची समाधी रत्नागिरी शहरातच आहे आणि शेजारी धाकट्या राणीची. सुपयालत मात्र १९१९ साली रंगूनला परत गेली आणि १९२५ मध्ये तिथे वारली. थोरली राजकन्या परत रत्नागिरीत आली आणि इथेच राहिली, १९४७ मध्ये इथेच गेली. डिसेंबर २०१२ मध्ये म्यानमारचे तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष थेन सेन त्या समाधीवर येऊन गेले, म्हणजे शंभर वर्षांनंतरही तिकडच्या लोकांना हा राजा आपला वाटतो आणि रत्नागिरीच्या लोकांना पण वाटतो. पंधरा-वीस मिनिटं पुरतात.

एकूण थिबाला अडीच तास धरा, समाधी आणि पॉईंट धरून संध्याकाळ पूर्ण. त्याच दिवशी सावंतवाडी कराल म्हणत असाल तर नको. मुंबई-गोवा हायवेने निदान चार तास, जेवण-चहा धरून पाच. रात्री कणकवली किंवा कुडाळला मुक्काम करा किंवा सरळ सावंतवाडी गाठा. रेल्वेने येणार असाल तर सावंतवाडी रोड स्टेशन गावात नाही, मळगावला आहे, रिक्षा करावी लागते.

सावंतवाडीचं प्रकरण अगदी वेगळं. थिबा पॅलेस हे परक्या माणसासाठी बांधलेलं घर, आणि इथला राजवाडा म्हणजे स्वतःच्या गावात राहिलेल्या घराण्याचं. सावंत-भोसल्यांचं संस्थान, राजवाडा तिसऱ्या खेमसावंतांच्या काळातला, त्यांची कारकीर्द १७५५ ते १८०३. घराण्याचा अजूनही तिथे वावर आहे त्यामुळे सगळा वाडा उघडा नसतो, काही भाग राहण्यासाठी पाहुण्यांना देतात, आपल्याला दरबार हॉल आणि आजूबाजूचं बघता येतं. तिथेही तेच, आधी बाहेर. मोती तलावाच्या काठाने चालत या. समोर तलाव, मागे डोंगर, मध्ये वाडा. लेस्टर गेटमधून आत शिरलात की झाडं, मग जांभ्याच्या कमानी. तलाव फक्त दिसायला नाही, अशा तळ्यांमुळे आजूबाजूच्या विहिरींचं पाणी टिकतं, आणि संध्याकाळी पाण्यावरून येणारा वारा गार लागतो. सकाळी दहाच्या आधी तलावाला फेरी मारा, आईबाबांना हे नक्की आवडेल, काठाला बसायची सोय आहे.

बागेबद्दल एक सांगते, कोकणातली राजवाड्याची बाग म्हणजे कापलेली हिरवळ आणि फुलांचे वाफे अशी अपेक्षा ठेवून जाऊ नका. इथे चार महिने पाऊस सगळं धुऊन नेतो आणि पुढचे महिने जमीन कोरडी, त्यामुळे इथली खरी बाग मोठ्या झाडांची. चाफा, बकुळ (मालवणीत ओवळ), आंबा, फणस, नारळ, सुपारी. डिसेंबर म्हणजे आंब्याला मोहोर यायची वेळ, सकाळी त्याचा वास येतो. तुम्ही मार्चमध्ये आला असतात तर सावंतवाडी-वेंगुर्ल्याच्या बाजारात सुरंगीच्या फुलांचे वळेसर (गजरे) मिळाले असते, तो वास एकदा घेतला की माणूस दरवर्षी त्या वेळेला इकडे यायची कारणं शोधतो.

आता दरबार हॉल. सिंहासन आहे, जुने फोटो आणि तसबिरी आहेत, ते बघा, पण तिथे खरं बघायचं म्हणजे गंजिफा. बसून रंगवणारे कलाकार दिसतील. गंजिफा म्हणजे गोल पत्ते. हा खेळ मोगलांबरोबर आपल्याकडे रुळला, बाबराने १५२७ साली सिंधला गंजिफा पाठवल्याची नोंद आहे. मोगली गंजिफा ९६ पानांचा, आठ रंग. आपल्याकडे त्याचा दशावतारी झाला, दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येकात बारा पानं, एकूण १२०. एका रंगात राजा, प्रधान आणि एक ते दहा. राजाच्या पानावर तो अवतार स्वतः आणि आकड्यांच्या पानांवर त्याची खूण, मत्स्याला मासा, कूर्माला कासव, परशुरामाला परशू असं. आणि गंमत म्हणजे निम्म्या रंगांत दहा मोठा आणि एक्का सगळ्यात खाली, उरलेल्या निम्म्यांत बरोबर उलट. तुमच्या तेरा वर्षांच्या मुलाला पत्ते येत असतील तर हे ऐकून तो तिथेच नियम विचारत बसेल. बसू द्या.

ही कला जवळजवळ संपली होती. पुंडलिक चितारी हे वयस्कर कलाकार तेवढे जाणकार उरले होते, शिवरामराजे भोसले आणि राणीसाहेब सत्त्वशीलादेवी यांनी त्यांच्याकडून ती स्वतः शिकून घेतली आणि मग राजवाड्यातच स्थानिक मुलांना बसवून शिकवायला सुरुवात केली. माझ्या कामातल्या माणसाला याचं महत्त्व जास्त कळतं. जुने संच मी किंवा माझ्यासारखं कोणी फार तर टिकवून ठेवेल, पण हात टिकवणं हे कुठल्याही कपाटाने होत नाही. राणीसाहेब २०१८ साली गेल्या, काम चालू आहे.

कलाकाराच्या शेजारी, सावली पडणार नाही असे, उभे राहा आणि नुसते हात बघा. पान तळहातात मावेल एवढं. कडेची रेघ ओढायची असते तेव्हा कुंचला जागच्या जागी असतो आणि डाव्या हाताची बोटं पान हळूहळू फिरवतात, एका श्वासात पूर्ण गोल, टोकं अशी जुळतात की सांधा शोधून मिळत नाही. मग आतले ठिपके. मग डोळे, ते सगळ्यात शेवटी. पानाची जुनी पद्धत म्हणजे कापडाचे किंवा कागदाचे थर चिंचोक्याच्या खळीने चिकटवायचे, त्यावर खडूचा लेप, घोटून गुळगुळीत करायचं, रंगवायचं आणि वरून लाखेचा हात. घोटण्यात कसर राहिली तर रंग पसरतो. रंगवणाऱ्यांशी बोला, विचारलं तर प्रेमाने सांगतात, पण रेघ चालू असताना नको, कुंचला खाली ठेवल्यावर बोला.

फोटोचं. फ्लॅश बंदच ठेवा. जुने रंग आणि कागद यांच्यावर प्रकाशाचा परिणाम साठत जातो, तो परत भरून निघत नाही, म्हणून कागदावरच्या चित्रांसाठी ५० लक्स (लक्स हे प्रकाश मोजायचं माप) एवढाच मंद प्रकाश ठेवायचा असा संग्रहालयांचा दंडक आहे. आत अंधार वाटला की लोक तक्रार करतात, लाईट नाहीत म्हणून, पण दोन मिनिटं उभे राहा, डोळे सरावतात आणि मग सगळं दिसतं. आणि हात लावू नका हे मुलांना सांगताना कारण पण सांगा, बोटांना घाम आणि मीठ असतं, कोकणात तर जास्तच, लाखेवर त्याचा डाग बसतो तो आधी दिसत नाही, वर्षभराने दिसतो.

राजवाड्याला दीड ते दोन तास, त्यानंतर चितार आळीत, म्हणजे रंगीत लाकडी वस्तूंच्या बाजारात, जा. लाकडी फळं, भाज्या, भातुकली, पाट, सगळं रंगवलेलं. पांगाऱ्यासारखं हलकं लाकूड यासाठी पूर्वापार वापरतात. नऊ वर्षांच्या मुलाला तिथे स्वतःच्या पैशाने एक वस्तू घेऊ द्या. जेवायला गावातल्या कुठल्याही मालवणी खानावळीत जा, यावर मी वेगळं काही लिहीत नाही.

गंजिफाचा संच घ्यायचा विचार असेल तर छापील आणि हाताने रंगवलेला यातला फरक बघून घ्या. पान तिरपं धरून उजेडात बघा, हाताच्या कामात रंगाला जाडी असते, ठिपका किंचित वर आलेला दिसतो, आणि एकाच रंगातले दोन मासे कधीही हुबेहूब सारखे नसतात. हाताचा पूर्ण संच महाग असतो आणि असायलाच हवा, १२० पानं आहेत, त्यात घासाघीस करू नका. परवडत नसेल तर एखाद-दुसरं पान किंवा छोटी वस्तू घ्या. आणि घेतलात तर त्याची काळजी अशी, घरी नेताना गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवायचा नाही, उन्हाने लाख मऊ पडते आणि पानं एकमेकांना चिकटतात. प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेवायचा नाही, आत दमटपणा कोंडतो. जुनी धुतलेली सुती साडी किंवा धोतराचा तुकडा घ्या, त्यात गुंडाळून लाकडी डबीत, आणि पावसाळा संपला की एकदा सावलीत उघडून वारा द्या. पानांच्या थरात खळ असते, तिला कसर (कागद खाणारी कीड) लागते, तर डबीत कडुलिंबाचा वाळलेला पाला कापडाच्या पुरचुंडीत बांधून ठेवा आणि दर वर्षी बदला. डांबरगोळ्या लाखेला आणि रंगाला लागून ठेवू नका.